देवा, हात लाव

जवळा बाजारजवळच्या तांड्यावर चंदाबाईची थट्टा करायची असली की बाया विचारायच्या, "काय गं, आज तुझा हमाल आला का न्हाई?" तिचा नवरा प्रेमदास खरोखरच हमाल होता, जवळ्याच्या आडत बाजारात पोती वाहायचा. पण बाया विचारायच्या ते त्याच्याबद्दल नव्हे. चंदाबाईचा हमाल म्हणजे देव. जळतणाचा भारा असो, पाण्याची घागर असो, शेणाची पाटी असो, डोक्यावर घ्यायच्या आधी ती वाकायची, ओझ्याला हात घालायची आणि शेजारी कोणी उभं असल्यासारखं सहज म्हणायची, "देवा, हात लाव." मग उचलायची. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की लेक दिपा लहान असताना तिला पाळण्यातून काढतानाही तोंडातून तेच निघायचं. देवाला तेवढंच काम आहे का, असं कोणी म्हटलं तर चंदाबाई हसायची आणि पुढच्या कामाला लागायची.

हे तिला तांड्यानं शिकवलं नव्हतं. तांड्यावर सेवालाल महाराजांच्या पांढऱ्या झेंड्याखाली अरदास व्हायची ती गोरमाटीत, बंजाऱ्यांच्या बोलीत. "सेन सायी वेस," सगळ्यांना सांभाळ, ही विनवणी तिला लहानपणापासून पाठ होती आणि सकाळ-संध्याकाळ ती करायचीही. पण ओझं उचलायचा मंत्र मराठीतला होता आणि तो दिला होता रुख्मिणीबाईनं. लग्न होऊन नवी नवी आली तेव्हा चंदाबाई या रुख्मिणीबाईच्या शेतात निंदायला जायची. एकदा दिवस कलला, बाकीच्या बाया पुढे निघून गेल्या आणि हिचा गवताचा भारा जमिनीवरच राहिला. ओला भारा एकटीला डोक्यावर घेता येतो थोडाच? आपल्याकडची रीत अशी, की अशा वेळी वाटेनं जाणाऱ्याला "जरा हात लावा" म्हणायचं. मग तो वैरी का असेना, थांबतो आणि हात लावतो. या एका गोष्टीला कोणी नाही म्हणत नाही. पण वाटेवर चिटपाखरू नव्हतं. पोरगी रडकुंडीला आली.

मागून म्हातारी रुख्मिणीबाई आली. तिनं हात लावला आणि वर दोन शब्द ऐकवले. "कोनी नसलं तर देवाला म्हनायचं, हात लाव. पन ध्यानात धर पोरी, हात लाव म्हन, उचल म्हनू नको. ओझं आपलंच असतंय. कंबर सरळ होईस्तोर दुसऱ्याचा हात लागतो. मंग चालायचं आपुनच."

दुसऱ्या दिवशी चंदाबाई मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहिली. वाकली, म्हणाली, आणि भारा डोक्यावर आला. आता तो देवानं दिला की रागारागानं अंगात आलेल्या जोरानं, याचा खल विद्वानांनी करावा. चंदाबाईला भारा घरी न्यायचा होता आणि तो घरी गेला. तेव्हापासून ती कधी कुणासाठी वाट बघत बसली नाही.

मग प्रेमदास पडला.

परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याच साली. ट्रकला लावलेली फळी पावसानं ओली होती. प्रेमदासच्या पाठीवर क्विंटलचं पोतं. पाय सरकला, माणूस खाली आणि पोतं त्याच्या कंबरेवर. मोठ्या दवाखान्यात नेलं, पुष्कळ दिवस ठेवलं, शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की कंबरेखालचं अंग आता हलणार नाही. ज्याच्या पाठीवरून अर्ध्या तालुक्याचं धान्य गेलं तो गडी खाटेवर आला.

घरी आणलं त्या दिवशी चंदाबाईनं त्याच्या काखेत हात घातले आणि सवयीनं म्हणाली, "देवा, हात लाव."

प्रेमदासनं तिचे हात झटकले. "मला उचलताना त्याचं नाव घ्यायचं न्हाई. मी पडलो तवा कुठं होता तुझा देव? त्याचं न माझं बोलणं बंद हाय."

खोटं बोलून वेळ मारून नेणं तिला जमलंही असतं, पण देवाच्या बाबतीत तिला ते नको होतं. "मला माहीत न्हाई कुठं होता," ती म्हणाली. "पन तुमी पडलात तवापासून मी उभीच हाय. ते कोनाच्या जोरावर?"

"तुझ्या जोरावर," प्रेमदास म्हणाला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

नवऱ्याचा मान राखायचा म्हणून चंदाबाई त्या दिवसापासून ते शब्द मोठ्यानं म्हणेनाशी झाली. त्याला उठवताना, बसवताना, न्हाऊ घालताना ती नुसते ओठ हलवायची. पुढे विहिरीवर, रानात, सगळीकडेच तसं झालं. तांड्यावरच्या बायांची थट्टाही बंद पडली आणि खरं सांगायचं तर त्यांना स्वतःलाच ते चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं.

दोन वर्षं तिनं मिळेल ते केलं. दुसऱ्याच्या शेतात गेली, बाजारात आडत्यांच्या दारात सांडलेलं धान्य झाडून द्यायला गेली. झाडणाऱ्या बाईला मिळतं ते चिमणीलाही पुरत नाही. दिपा तेव्हा आठवीत होती आणि पोरगी हुशार होती. दसऱ्याच्या सुमाराला चंदाबाईचा भाऊ फुलसिंग आला. तो दरसाल ऊस तोडायला माणसं न्यायचा. चहा पिऊन झाल्यावर त्यानं खाली मान घालून विषय काढला. "दिवाळी झाली की चला माझ्यासंगं. दाजीला बी नेऊ, खोपीत पडून राहतील."

"कोयता कोनासंगं लावू मी?" चंदाबाईनं विचारलं. उसाच्या फडात कोयता म्हणजे जोडी. एक तोडणार, एक मोळ्या बांधून वाहणार. एकट्या माणसाला तिथं कोणी विचारत नाही.

फुलसिंगनं फक्त दाराकडे बघितलं. दारात दिपा उद्याच्या शाळेसाठी ओढणी धूत बसली होती.

तो गेल्यावर चंदाबाईनं चुलीतला जाळ मागे ओढला. मग उठून नवऱ्याच्या खाटेपाशी आली. "मी ठरवलं. उसाला जायचं न्हाई. बाजारात तुमची जागा हाय ना, ती मी मागते."

प्रेमदास आधी हसला. बरं हसणं नव्हतं ते. "असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, म्हनतात. मी खाटल्यावरच हाय. दे म्हनाव माझ्या बायकोला पोतं."

"हरीनं खाटल्यावर द्यावं, असं मी कवा म्हनले?" चंदाबाई म्हणाली. "मी जाते ना तिथवर. त्यानं निस्ता हात लावावा."

प्रेमदासनं तिच्याकडे नीट बघितलं. बायको चेष्टा करत नाही, हे त्याला कळलं. आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत कामाच्या माणसाची चमक आली. त्याला सगळ्या जगात एकच विद्या येत होती आणि ती कुणाला तरी हवी होती. "पोतं आन मग," तो म्हणाला.

घरात पोतं भरायला दाणे कुठले? चंदाबाईनं इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमीच या पाठीवर."

तर असं ते शिक्षण सुरू झालं. रोज सकाळी चंदाबाई खाटेकडे पाठ करून वाकायची, प्रेमदास तिच्या खांद्यांवरून हात टाकायचा, आणि ती त्याला पाठीवर घेऊन अंगणातून लिंबापर्यंत जायची आणि परत यायची. पाठीवर बसून मास्तरांचा तोंडपट्टा चालू. "मान ताठ ठेवू नको. कमरेतून वाक. पाय आखूड टाक गं, लांब टाकून काय कुठं गाडी गाठायचीय? वजन कमरेवर घे, खांद्यावर न्हाई." मग लिंबाखाली दोन दगडांवर जुनी फळी टाकली आणि तिच्यावरून जायचा सराव. "फळीवर थांबायचं न्हाई. फळी लवती. लवली की तिच्या संगं लवायचं, मंग ती आपुनच वर ढकलती. आन फळीवर असताना कोनी हाक मारली तर वळायचं न्हाई. फळीवरच्या मानसाला हाक मारतच न्हाईत, तशी रीत हाय."

शेजारची जमनाबाई कुंपणापाशी येऊन उभी राहायची. "बायांनी नवऱ्याला डोक्यावर बसवलेलं पाहिलं होतं," ती म्हणाली, "पाठीवर बसवलेली तूच पहिली." सगळा तांडा हसला. पाठीवरचा प्रेमदासही हसला. चंदाबाई हसली नाही, कारण ती ओठ हलवत होती आणि फळी लवत होती.

आता खरी अडचण पुढे होती, आणि तिचं नाव होतं देवराव मुकादम.

देवराव हमालांच्या टोळीचा म्होरक्या. पन्नाशीचा, आडव्या हाडाचा, बोलायला कमी. टोळीत लिखापढी काही नव्हती, रीत होती. नव्या माणसाच्या पहिल्या पोत्याला मुकादमाचा हात लागायचा. पोत्याची शिवलेली टोकं असतात ना, त्यांना हमाल कान म्हणतात. एक कान मुकादमानं धरायचा, दुसरा जोडीदारानं, आणि दोघांनी मिळून पोतं नव्या माणसाच्या पाठीवर द्यायचं. दिलं की तो टोळीचा झाला, त्याला मग आडतेही काढू शकत नाहीत. मुकादमाचा हात लागला नाही तर माणूस जन्मभर बाजारात फिरला तरी त्याला कोणी पोतं देणार नाही. आणि पाठीवर पोतं घ्यायला कुणाचा तरी हात लागतोच. भीमाला सुद्धा लागला असता.

पहिल्या दिवशी चंदाबाई बारदानाची खोळ बरोबर घेऊनच गेली. रिकामं पोतं दुमडून डोक्यावरून पाठीवर सोडतात, तीच हमालाची टोपी आणि तीच चादर. देवराव माणिकराव आडत्याच्या दुकानापुढे थप्पीला टेकून उभा होता.

"मुकादम, घरच्यांची जागा मला द्या," ती म्हणाली.

देवरावनं तिच्याकडे बघितलंही नाही. "वैनी, तुमी घरी जा."

"बाई हाय म्हनून?"

"बाई हाय म्हनून बी, आन..." तो थांबला. त्यानं आपले दोन्ही पंजे वर केले, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत. "प्रेमदासच्या पाठीवर ते पोतं ह्याच हातांनी दिलं म्या. फळी वली हाय ते दिसत होतं मला. तरी दिलं, काहून की ट्रकवाल्याला घाई होती. तुमच्या घरच्या पाठीवर आता माझा हात लागनार न्हाई. शपथ खाल्लीय म्या."

एवढ्यात काट्याकडून कोणी ओरडलं, "देवा, काटा रिकामा झाला रे." बाजारात त्याला सगळे देवाच म्हणायचे. ओझ्याच्या घाईत राव-बीव लावायला सवड कुणाला? देवराव निघून गेला.

तेव्हा चंदाबाईला समजलं की हा माणूस दोन वर्षं तांड्यावर का फिरकला नाही. दवाखान्यात एकदा आला होता, नंतर दारात तोंड दाखवलं नाही, बाजारात दिसला तरी नजर चुकवायचा. तिला वाटायचं, माणूस उलट्या काळजाचा आहे. आता कळलं की काळीजच आडवं आलं होतं. तो रागावला असता तर बरं झालं असतं, रागाशी भांडता येतं. शपथेशी कसं भांडायचं?

ती रोज जायची. सकाळी झाडू मारायची आणि मग खोळ डोक्यावर घेऊन थप्पीपाशी उभी राहायची. देवराव रोज "वैनी, घरी जा" म्हणायचा. बाकीचे हमाल टोमणे मारायचे, पण त्यांतला संतराम म्हणून एक होता तो मारायचा नाही. तो प्रेमदासचा जुना जोडीदार. "वैनी, लई दगडाला टक्कर देऊन राहिलात," तो एकदा म्हणाला. माणिकराव आडत्या तर हात झटकून मोकळा. "मला माल ट्रकात गेल्याशी मतलब. बाईनं न्यावा, बाप्यानं न्यावा, न्हाई तर बैलानं. टोळीत मी पडत न्हाई."

दिवाळी जवळ येत चालली. फुलसिंगचा निरोप आला, ट्रॅक्टर ठरला म्हणून. दिपानं काही न बोलता शाळेची पुस्तकं एका पिशवीत भरून उतरंडीच्या मागे ठेवली. चंदाबाईनं ती पिशवी पाहिली. त्या सकाळी झेंड्याखाली उभी राहून तिनं सगळ्यांसाठी मागायचं ते मागितलं आणि मग थोडं स्वतःसाठी बोलली. "बाबा, उद्या नको, आज लाव हात. उद्या मला धीर ऱ्हाईल का न्हाई, सांगता येत न्हाई." नेहमी घट्ट असणारी बाई, पण त्या दिवशी घाबरली होती. हेही देवालाच सांगायचं, दुसऱ्या कुणाला नाही, एवढा विचार तिनं केला.

आणि त्या दिवशी बाजारात सोयाबीनची अशी रीघ लागली की विचारू नका. बैलगाड्या, ट्रॅक्टर, टेम्पो, पाऊल ठेवायला जागा नाही. टोळीतले निम्मे गडी तापानं घरी. दुपारनंतर औंढ्याकडून आभाळ काळं होऊन आलं आणि वारा सुटला. उघड्यावर सोयाबीनच्या थप्प्या. भिजलं तर काळं पडणार, मातीच्या भावानं जाणार. माणिकराव धोतर सावरत ओरडत सुटला, शेतकरी स्वतः पोती ओढू लागले, चाळणीचं यंत्र धडधडत होतं, ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. देवराव थप्पीच्या मागच्या अंगाला ताडपत्री ओढत होता, त्याची पाठ इकडे होती.

चंदाबाईनं झाडू टाकला. खोळ डोक्यावर ओढली, पदर कमरेला खोचला. समोर एका पोत्यावर दुसरं पोतं होतं, कमरेच्या उंचीला. तिनं त्याच्याकडे पाठ केली, कमरेतून वाकली, हात मागे नेऊन पोतं चाचपलं. तिला कुणाची रीत मोडायची नव्हती. तिला एवढंच दिसत होतं की माल भिजतोय आणि ती नुसती उभी आहे. पोतं हललं, पण पाठीवर येईना. तिनं पुन्हा जोर केला. दोन वर्षं नुसते हललेले ओठ त्या वेळी गप्प राहिले नाहीत. पोटातून आवाज आला, चांगला खणखणीत.

"देवा, हात लाव!"

त्या बाजारात कितीतरी वर्षं ही हाक एकाच माणसासाठी होती. देवरावच्या कानावर ती पडली आणि त्याच्या हातातली ताडपत्री सुटली. तो वळला, दोन ढांगांत आला. डोक्यावर खोळ, वाकलेली पाठ. खोळीत सगळे हमाल सारखेच दिसतात, आणि त्या गदारोळात आवाज बाईचा की बाप्याचा हे कोण ऐकत बसतो? मुकादमानं एक कान धरला. संतराम पलीकडे होताच, त्यानं दुसरा धरला. संतरामला त्या वेळी काय दिसलं आणि काय नाही, हे त्यानं पुढे कधी नीट सांगितलं नाही. "हं," दोघं एकदम म्हणाले, आणि पोतं पाठीवर गेलं.

चंदाबाईच्या कंबरेला ते वजन कळलं. प्रेमदासपेक्षा जड होतं, पण जागेवर बसलं होतं. कंबर सरळ झाली. तिनं पाऊल टाकलं.

देवराव ताडपत्रीकडे परत वळणार, तोच त्याची नजर फळीवर गेली. फळीवर चढणाऱ्या पावलांत जोडवी होती.

त्याचा चेहरा पांढरा पडला. तोंड उघडलं, पण आवाज काढायची सोय नव्हती. फळीवरच्या माणसाला हाक मारायची नाही, ही त्यानंच सगळ्या टोळीला घालून दिलेली शिस्त. तो तसाच उभा राहिला, रिकामे हात पुढे धरून. एकेक करून बाकीच्यांनाही दिसलं. गडबड मधल्या मधे थांबली. माणिकराव ओरडता ओरडता गप्प झाला.

चंदाबाईला यातलं काही माहीत नव्हतं. तिला फळी दिसत होती आणि कानात नवऱ्याचा आवाज होता. पाय आखूड. मान सैल. फळीच्या मधोमध ती आली आणि फळी लवली. इथंच तो पडला होता. एक थेंब तिच्या पावलापुढे फळीवर पडला आणि लाकूड तेवढंच काळं झालं. तिच्या मनात भीती आली, पण पाय थांबले नाहीत. फळी लवली तशी ती लवली. फळीनं तिला वर ढकललं. दोन पावलं, तीन, आणि ती ट्रकमध्ये होती. तिनं खांदा कलता केला, पोतं थप्पीवर नीट आडवं पडलं, आणि ती सरळ उभी राहिली. खोळ मागे सरकली. ट्रकमध्ये उभी राहून ती खाली बघते, तर सगळा बाजार तिच्याकडे बघतोय.

संतरामच पहिल्यांदा बोलला. "देवा, हात लागला की रे तुझा."

"मला न्हाई म्हनली ती," देवरावचा आवाज फाटला होता. "ती... देवाला म्हनली असंल."

"मंग तू काहून गेलास?"

कोणीतरी फसकन हसलं. देवराव फळीपाशी आला. चंदाबाई खाली उतरली. "वैनी, खरं सांगा," तो म्हणाला. "मला हाक मारली व्हय?"

आता इथं तिनं "व्हय" म्हटलं असतं तर काम फत्ते होतं. मुकादमाला हाक मारली, मुकादमानं हात लावला, रीत पुरी झाली. आणि "न्हाई" म्हटलं तर सगळंच हवेत. चंदाबाईला उतरंडीमागची पिशवी डोळ्यांपुढे दिसली. पण वर ज्याला हाक मारली त्याला मारलीच नाही, असं कसं म्हणायचं? तेही त्यानं हात लावल्यावर?

"न्हाई भाऊ," ती म्हणाली. "तुमाला न्हाई. मी तर वरच्याला म्हनले. तुमी आलात, हे मला आत्ता कळून राहिलं."

देवराव तिच्याकडे बघत राहिला. मग आपल्या हातांकडे. त्याच हातांनी दिलेलं पोतं फळीवरून सुखरूप पलीकडे गेलं होतं, हे त्याला जरा सावकाशच पटत होतं. दोन वर्षं त्यानं रोज पोती दिली होती आणि प्रत्येक वेळी डोळे मिटले होते. आज मिटायला वेळच मिळाला नाही. त्याचे डोळे भरून आले, आणि हमालाचे डोळे बाजारात भरून येणं काही बरं दिसत नाही, म्हणून तो एकदम खेकसला.

"चंदाबाई, उभी काहून राहिलीस? दुसरं घे. ट्रक उभा हाय."

'वैनी' गेलं. 'घ्या'चं 'घे' झालं. टोळीतल्या प्रत्येक माणसाच्या ते ध्यानात आलं. मुकादम अहो-जाहो करतो तो परक्याला, आणि खेकसतो तो आपल्या गड्यावर. संतरामनं पोत्याचा कान धरला. दुसरा कान देवरावनं धरला, या खेपेला बघून, समजून. चंदाबाई पाठ देऊन वाकली.

आभाळ फुटलं तेव्हा ट्रकवर ताडपत्री बांधून झाली होती. शेवटची थप्पी तेवढी थोडी भिजली, पण माणिकरावनं त्याची कटकट केली नाही, आणि हा सुद्धा एक चमत्कारच म्हणायचा.

संध्याकाळी पाऊस थांबल्यावर देवराव चंदाबाईच्या मागं मागं तांड्यावर आला. झेंड्यापाशी तिनं डोकं टेकवलं, तेव्हा तोही टोपी काढून उभा राहिला. तोवर वाटेवर भेटलेल्या दिपानं आईकडून सगळं ऐकून घेतलं होतं आणि धावत जाऊन बापाला सांगितलंही होतं. चंदाबाई आणि देवराव दारात पोचले तेव्हा आतून प्रेमदासच्या हसण्याचा आवाज येत होता. असा तो पडायच्या आधी हसायचा, छातीतून, खाट करकरेपर्यंत. दिपाच्या मांडीवर पुस्तकांची पिशवी होती आणि ती एकेक पुस्तक काढून परत भिंतीतल्या फळीवर रचत होती.

देवराव उंबऱ्यातच थांबला. "प्रेमदास," तो म्हणाला.

"ये की मुकादम," प्रेमदास डोळे पुसत म्हणाला. "दोन वर्सं लावलीस तांडा चढायला. लिंबाखाली चल, आत लई कोंदट झालंय. मला बी बाहेर घ्या."

चंदाबाई खाटेपाशी गेली, वाकली. नवऱ्याच्या काखेत हात घातले. ओठ हलले आणि थांबले, तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. प्रेमदासनं तिच्याकडे बघितलं.

"म्हन की मोठ्यानं," तो म्हणाला.

"देवा, हात लाव," चंदाबाई म्हणाली.

देवराव पुढे झाला आणि मधेच अडखळला. दुपारपासून त्याच्या मनात तेच घोळत होतं. "चंदाबाई," तो म्हणाला, "आता कोन्या देवाला म्हनलीस?"

उत्तर प्रेमदासनं दिलं. "जो आदी येईल त्याला. धर तिकडून."